पंधराव्या ओळीतली कीड

मी दोन सुयांवर लेस विणते आणि विणता विणता वाचते. लोक म्हणतात, एक धड कर. मला दोन्ही एकदमच हवं असतं, त्याला कोण काय करणार! तांदळाच्या डब्याला पुस्तक टेकवायचं, पानं कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची, आणि खाली मांडीवर विणकाम. संध्याकाळी ऑफिसातून साखळी गावातल्या घरी आले की मी अशी बसते आणि मग दारावर पाववाल्या पोदेराने कितीही भोंपू वाजवला तरी मला ऐकू येत नाही. पावाशिवाय जेवायची सवय झाली आहे.

यंदा चवथीला गणपतीच्या चौरंगाला झालर करायला घेतली होती. आईचा नमुना, पिंपळपानाचा. वीस ओळींत एक पान, अशी अकरा पानं. सात झाली होती. सातही पानांत पंधराव्या ओळीला एक भोक जास्त. माझं असंच होतं, दरवर्षी. मी त्याला कीड म्हणते आणि दोष पुस्तकाला देते.

तो नमुना आईने वहीच्या कागदावर लिहून ठेवलेला. आई चौथी शिकलेली. सही सोडली तर ती गेल्यावर तिच्या हातचं घरात तेवढंच अक्षर उरलं. कागद मी वाचत असलेल्या पुस्तकातच खुणेला ठेवते, म्हणजे दोन्ही कामं एका जागी. हुशारी बघा माझी!

तर त्या शनिवारी रहस्यकथेचा खुनी सापडला, मी आनंदाने पुस्तक मिटलं आणि तडक लायब्ररीत देऊन आले. घरी येऊन आठवं पान सुरू करायला बसले तर कागद नाही. सात पानं विणून नमुना पाठ व्हायला हवा होता, पण डोकं खुनात असलेल्या बाईला टाके कुठून आठवणार? आणि टाक्यांचं जाऊ दे. आईचं अक्षर गेलं होतं, माझ्या वेंधळेपणाने. मला रडूच आलं.

सोमवारी लायब्ररीतला गौरेश म्हणाला, "ता पुस्तक मुळगावच्या सुशीलाबाईंनी न्हेला. रिटायर टीचर त्या." दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बस पकडली.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. हातात दोन सुया आणि पांढरा दोरा! शेजारी माझं पुस्तक, मिटलेलं.

"बाई, त्या पुस्तकात माझो कागद..."

"तुझो काय तो? बस गे. पण खून कोणी केल्यान ता सांगू नको. सांगलंस तर कागद मेळचो नाय." पुस्तक अर्ध्यावरच राहिलं होतं, कारण बाईंना कागदाने धरलं होतं. "माका विणूक येय नाय. शेजारच्या सोनालीकडसून उलट-सुलट शिकलंय, आणि लिवलाहा तसा करीत गेलंय."

मी त्यांचं विणकाम हातात घेतलं. टाके घट्ट, कडा वाकड्या. पण दीड पान झालं होतं आणि पंधराव्या ओळीत कीड नव्हती.

"ह्या कसा जमला तुमका?"

"लिवलाहा ना! चौदाव्या ओळीखाली." त्यांनी कागद पुढे केला. आईचं अक्षर दिसलं आणि जिवात जीव आला. चौदाव्या ओळीखाली होतं, 'आता उठ. च्या कर.'

"ता आईन बाबांच्या च्येसाठी लिवलेला," मी म्हटलं. "बाबा चारांक येयत."

"माका काय म्हायती? मी उठलंय, च्या केलंय. चौदाव्या ओळीक टाके असे दाटतत की डोळे फिरतत. च्या पिवन येवन बघलंय, तर सगळे सुटे सुटे दिसले." मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "तुझ्या आवशीक नमुनो पाठ होतो?"

"झोपेत विणी ती."

"मगे हो कागद कोणासाठी लिवल्यान?"

इतकी वर्षं ती ओळ सोडून मी पुढे जात होते. माझा खाली मुंडी घालून बसायचा स्वभाव आईइतका कोणाला ठाऊक होता?

बाईंनी चहा केला, सोबत उंडे पाव दिले. पिशवीतून मी झालर काढली आणि तिथेच आठवं पान सुरू केलं. बाई पुस्तक घेऊन बसल्या. दोन तास दोघी आपापल्या कामात बुडालो, इतकी मजा आली. चौदावी ओळ संपली तेव्हा बाईंच्या कथेत नेमका इन्स्पेक्टर दार ठोठावत होता.

मी सुया खाली ठेवल्या.

"खंय चललंस?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"च्या करूक," मी म्हटलं. "आईन सांगलाहा."