दोन बोटांची कड

मित्रांनो, मी एक जुना गठ्ठा आहे. अंगावर निळं कापड आणि पाठीवर सोनेरी अक्षरं असल्यामुळे लोक मला पुस्तक समजतात. मीही कुणाचा गैरसमज दूर करत बसत नाही. खरं तर मी एकाच चित्रकथेच्या एकशे पस्तीस हप्त्यांची मोट आहे. माझा मुक्काम वरोऱ्याला, गफ्फार बाइंडरच्या दुकानात, वरून दुसऱ्या फळीवर असतो. शाळांचे हजेरीपट आणि कचेऱ्यांची रजिस्टरं इथे बांधायला येतात आणि बांधून झाली की आपापल्या घरी जातात. मी मात्र कुठेच जात नाही. गफ्फारने मला जिच्यासाठी बांधलं, ती न्यायला येणार नाही.

माझा जन्म एकाएकी झाला नाही. नागपुरातून निघणाऱ्या एका मासिकाच्या मधल्या चार पानांवर 'मंचावरची मैना' ही चित्रकथा छापून यायची, आणि महिन्याला चार पानं असा मी हप्त्याहप्त्याने जन्मलो. मैना ही झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीतली नटी आणि विलास हा त्याच मंडळीचा दिवेवाला. त्याने तिच्यावर उजेड टाकायचा आणि तिने त्या उजेडात दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात माळ घालायची, असा एकूण मामला होता. जानेवारी १९९१ मध्ये दोघांची नजरानजर झाली. मार्च २००२ उजाडला तरी लग्नाचा पत्ता नव्हता. एवढ्या काळात तुमच्या गावात किती लग्नं लागली असतील, तुम्हीच मोजा.

गफ्फारची मुलगी शगुफ्ता पहिल्या हप्त्याच्या वेळी दहा वर्षांची होती. मासिक आलं की ती पिना उचकटून मधली चार पानं अलगद सोडवायची आणि बापाच्या दुकानात, पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसून वाचायची. मग तिची मैत्रीण पिंकी यायची. पिंकी ही रेल्वेत कामाला असलेल्या देवरावांची मुलगी. दोघींचं वाचून झालं की खरा तमाशा सुरू व्हायचा, कारण शगुफ्ताला नुसतं वाचून चैन पडत नसे. ती हातात पेन्सिल घेऊनच बसायची. चांगलं वाटलं ते ती पानाच्या बाहेरच्या कडेला लिहायची आणि खटकलं ते आत, घडीजवळ. पिंकीने एकदा कारण विचारलं.

"चांगलं बोलाचं तं उघड्यावर बोलावं," शगुफ्ता म्हणाली, "अन् नावं ठेवाची तं आडोशाले."

नावं ठेवायला जागा पुष्कळ होती, हे मी स्वतःच कबूल करतो. माझ्या गोष्टीत पत्र चुकीच्या माणसाच्या हाती पडून गैरसमज व्हायचा. तो वर्षभराने मिटला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. घडीजवळ शगुफ्ताने लिहिलं, 'पत्राचा तिसरा डाव. या मंडळीत तोंड कोणाले नाई काय?' मैनेची जिवलग मैत्रीण मंगली चांगली रंगात आली होती, तोच एक मोटारवाला नवा नायक आला आणि मंगली कथेतून जी गेली ती गेलीच. तिथे लिहिलेलं आहे, 'मंगली कुठी गेली? नवा पाहुणा आला का घरच्यांले हाकलून देते.' आणि एका पानावर नुसतं, 'मैना म्हातारी काऊन होत नाई?' ते मात्र खरंच होतं. अकरा वर्षांत मैनेच्या कपाळावर एक सुरकुती आली नाही, आणि शगुफ्ता तिच्या डोळ्यांदेखत दहाची वीस झाली.

पण बाहेरच्या कडेचं लिखाण याहून जास्त होतं. माझ्या चित्रकाराला हात काढता येत नसत, सगळ्यांची बोटं भेंडीसारखी. पण वाट पाहणारी माणसं तो अशी काढायचा की पान उलटवत नसे. विंगेत उभी असलेली मैना, गुडघ्यावर दिवा पुसत बसलेला विलास, थंडीत घोंगडी पांघरून नाटकाला बसलेल्या बाया. शगुफ्ता त्या चित्रांच्या कडेला बारीक अक्षरात लिहायची आणि कधीकधी चित्राचा तेवढाच तुकडा पुन्हा काढून पाहायची. तिची बोटं चित्रकारापेक्षा सरस होती. मला माझ्याच चित्रकाराची लाज वाटायची.

म्हणूनच बारावीनंतर तिला नागपूरला जाऊन चित्रकला शिकायची होती. पिंकी नर्सिंगला निघाली होती, दोघी एका खोलीत राहणार होत्या. गफ्फार वाईट माणूस नव्हता. तो फक्त म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. पिंकी एकटीच गेली. त्याच सुमारास, जून २००० च्या हप्त्यात, मैनेला सिनेमाचं बोलावणं आलं आणि तिचा बाप दारात आडवा उभा राहिला. शगुफ्ताने घडीजवळ इतक्या जोराने लिहिलं की पेन्सिलीचा वण पाठीमागच्या पानावर उठला. 'याले फक्त नाई म्हणता येते. मी असती तं याले कधीच माफ केलं नसतं.'

ती ओळ मैनेच्या बापासाठी होती की स्वतःच्या, हे मला सांगता येणार नाही. कागदाला पेन्सिलीचा भार कळतो, मनातलं कळत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये ती मावशीकडे गडचिरोलीला गेली आणि ताप घेऊन परतली. ताप डोक्यात चढला. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

मित्रांनो, माणूस जातं, पण वर्गणी संपत नाही. नोव्हेंबरचं मासिक वेळेवर आलं. बदलीवर आलेल्या नव्या पोस्टमनने दारातून हाक दिली, "शगुफ्ता शेख." आत तिची आई शमीम भाकरी थापत होती. तिने हाक ऐकली आणि पिठाच्या हातांनीच मागच्या खोलीकडे वळून म्हणाली, "जा गे, तेरा मासिक आया." मग तिथेच खाली बसली. पाच महिने मासिक असं तिच्या नावाने येत राहिलं. गफ्फार दर वेळी मधली चार पानं सोडवायचा, आतलं न बघता मागच्या पानांवर ठेवायचा आणि गठ्ठ्याला पुन्हा दोरी बांधायचा. मार्चमध्ये वर्गणी संपली. दुसऱ्या दिवशी त्याने मला कामाला घेतलं.

तीस वर्षांत त्याने इतकं सुंदर काम केलं नसेल. पानांच्या तळाशी महिना छापलेला असतो, तेवढाच बघून त्याने मला क्रमाने लावलं. घडीतून एकेक पान शिवलं, म्हणजे मी पार सपाट उघडावा. पण त्याने मला उघडून एकदाही वाचलं नाही. वाचलं असतं तर काम पुरं झालं नसतं, हे त्याला माहीत होतं. माझ्या एका कोपऱ्याला उंदीर लागला होता आणि बाहेरच्या कडा हाताळून हाताळून चुरगळल्या होत्या. वाकडी कड गफ्फारला डोळ्यांत खुपते. त्याने मला कटाईच्या यंत्राखाली दाबलं आणि उंदराची खूण साफ जाईल अशी, चांगली दोन बोटं कड कापून टाकली. पातं खाली आलं तेव्हा मला दुखलं नाही. हलकं वाटलं, आणि तेच भयंकर होतं.

कातरण त्याने नेहमीप्रमाणे चुलीत सारलं आणि त्यावर खळ शिजवली. त्याच खळीने माझ्यावर हे निळं कापड बसलं आहे. आजही उन्हाळ्यात ती खळ तापते आणि मला वाटतं, कुणी तरी अगदी बारीक आवाजात काही वाचतंय.

संध्याकाळी त्याने मला शमीमच्या मांडीवर ठेवलं. तिने पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मग कडेवरून बोट फिरवलं. तिथे काळे ठिपके होते, वेलांट्यांची टोकं, शिरोरेषांची बुडखी.

"किनारे पे लिखती थी वो," शमीम म्हणाली. "आपने काट दिया."

गफ्फार तसाच उठला. चुलीशी जाऊन त्याने राख चाळली. राखेत काय मिळणार?

तेव्हापासून माझ्यात उरल्या त्या फक्त घडीजवळच्या तक्रारी. चांगलं ते सगळं जळालं. गफ्फार रोज दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून मला उघडायचा आणि आपल्या मुलीचं नावं ठेवणं वाचायचा. हे चुकलं, ते खोटं, हा लबाड, तो मुका. जून २००० चं पान आलं की तो थांबायचा. त्याचे ओठ हलायचे, आणि पंख्याने पान उलटलं तरी ते त्याच्या लक्षात यायचं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे, ही अर्धीच पोर आहे, दुसरी अर्धी तू कापलीस. पण पुस्तकाला तोंड नसतं, आणि कड आपणच कापली हे त्याला माहीतच होतं. तो जेवायचा कमी झाला. गिऱ्हाइकांची रजिस्टरं वाकडी कापू लागला.

मे महिन्यात पिंकी आली. ती आता चिमूरला दवाखान्यात नर्स होती. शमीमने निरोप धाडला होता. एका शुक्रवारी दुपारी, नमाज आटोपून गफ्फार दुकानात आला, तेव्हा पिंकी पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसली होती.

"चाचा, दाखवा मले," ती म्हणाली.

गफ्फारने मला तिच्यापुढे उघडलं आणि पहिल्याच पानाच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "इथी काय लिवलं होतं, बेटा? आठवते काय तुले?"

पिंकीने डोळे मिटले. "'दिव्याच्या उजेडात धूळ काढली याने. धूळ काढता येते हे मले माहीत नव्हतं.'"

मित्रांनो, अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पुढच्या पानाचंही. त्याच्या पुढचं तिला आठवलं नाही, तर तिने सरळ सांगितलं, "याचं नाई आठवत, चाचा." मग घोंगड्यांच्या चित्राशी थांबून ती म्हणाली, 'घोंगडीतल्या बाया खऱ्या. एक तं आपल्या भागीरथा काकूवानी नाक पुसते.' गफ्फार हसला. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा त्या दुकानात कुणी हसलं. मधूनच शमीम चहा घेऊन आली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. जळालेली एकेक ओळ परत येत होती, आणि माझ्या कडेला कसलीशी खाज सुटली होती.

मग जून २००० आला. गफ्फारने घडीजवळची ओळ पिंकीला दाखवली. तिने ती दोनदा वाचली.

"हे मलेच लिवलं ना तिनं?" गफ्फारने विचारलं.

"हे मैनेच्या बापाले आहे, चाचा."

"बाप बापच असते," गफ्फार म्हणाला. "तू सांग. नंतर तिनं माफ केलं का नाई? कडेले कुठी लिवलं होतं काय? जे असन ते सांग."

पिंकीने मला त्याच्या हातातून घेतलं आणि भराभरा पानं उलटू लागली.  मला ठाऊक होतं ती काय शोधते आहे, आणि मला हेही ठाऊक होतं की तसं काही कधी लिहिलेलं नव्हतं. जूननंतर शगुफ्ताने कुठल्याच बापाबद्दल चांगलंवाईट एक अक्षर लिहिलं नाही. शेवटाकडे एका पानावर पिंकी थांबली. त्या चित्रात नाटक चालू आहे, मैना मंचावर आहे, आणि गर्दीच्या पार मागे, घोंगडी डोक्यावर घेतलेला तिचा बाप उभा आहे. कुणाला न सांगता पाहायला आलेला.

"हे पहा, इथी होतं," पिंकी म्हणाली. तिने कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "तिनं लिवलं होतं, 'सगळ्यात चांगलं चित्र हे. बाप आला. आता माझा राग नाई.'"

शमीमने पदर तोंडाला लावला. गफ्फार त्या चित्राकडे बघत राहिला, मग त्याची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे 'जानेवारी २००२' असं छापलेलं आहे. ते पान त्यानेच आपल्या हाताने क्रमात लावलं होतं. ते घरात आलं तेव्हा शगुफ्ताला जाऊन तीन महिने होत आले होते.

पिंकीने अजून खाली पाहिलं नव्हतं. गफ्फारने आपला अंगठा हळूच पुढे सरकवला आणि तो महिना झाकून टाकला.

"हो बेटा," तो म्हणाला. "तिनंच लिवलं असन."

शमीम पाहत असेपर्यंत, पिंकी डोळे पुसेपर्यंत, चहा थंड होईपर्यंत त्याने अंगठा उचलला नाही. खळीने चिरा पडलेल्या त्या अंगठ्याचा घाम माझ्या पानात उतरला. तिथे आज एक पिवळा डाग आहे, आणि तारीख नीट वाचता येत नाही.

तर मित्रांनो, कुणाचीही वही, पत्र, पान सारखं करायला घ्याल, तेव्हा आधी ते उघडून वाचा, रडू आलं तरी वाचा. वाकड्या, चुरगळलेल्या कडेलाच माणूस राहत असतं, आणि एकदा पातं खाली आलं की राख चाळून ते सापडत नाही. आणि तरीही कधी कुणी तुमच्यासमोर एखादी तारीख अंगठ्याने झाकून बसला असेल, तर त्याला हात काढायला सांगू नका.