ढगाचा वाटा

थोरल्या सुनेने त्या सकाळी तोंड उघडलं नसतं, तर तिच्या पदरात काय काय पडलं असतं, ते आधी पाहून घेऊ. खिडकीजवळचं कटिंग टेबल तिला परत मिळालं असतं; धाकटी सून घरात आली तेव्हा "तिला उजेड लागतो" म्हणून ते तिच्याकडे गेलं होतं. खरेदीदाराचा फोन आला की सासूबाई "थांबा हं, धाकटीला देते" म्हणतात, ते बंद झालं असतं. जेवताना धाकटीच्या हाताचं, नजरेचं आणि रंगांच्या जाणकारीचं जे गुणगान चाले, त्याला निदान एक मोसम तरी खंड पडला असता. आणि एवढं सगळं मिळवायला तिला काही करायचंही नव्हतं. एका माणसाला त्याचा चमत्कार करू द्यायचा, बस्स.

हा चमत्कारवाला इमारतीत पहिल्यांदा उगवला तो तळमजल्यावर, ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात. बघ्यांची गर्दी जिन्यापर्यंत आली होती. पांढरा सदरा, कानात बिनतारी इअरफोन, आणि उजवा हात कॉम्प्युटरच्या डोक्यावर, जणू ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवलाय. लोक त्याला ढगबाबा म्हणत. हे नाव त्याने स्वतःच पसरवलं होतं आणि कुणी म्हटलं की लाजायचाही तोच.

दुखणं सगळ्या इमारतीचं एकच होतं. कॉम्प्युटरांनी आपापलं मोठं अपडेट करून घेतलं होतं. रंग बदलले, बटणं इकडची तिकडे गेली, ते लोकांनी सोसलं. पण ज्याचं त्याचं सगळं काम क्लाउडवर होतं. एका फोल्डरमध्ये फाइल टाकायची, की तिची प्रत दूर कुठेतरी कंपनीच्या यंत्रांवर आपोआप जाते. जुन्या फाइलींची आपल्याकडे नुसती नावं राहतात, उघडल्या की तिकडून उतरतात. हे ने-आण करणारं सॉफ्टवेअर जुनं आणि सिस्टीम नवी, दोघांचं जमेना. नावं दिसत, राखाडी पडलेली. उघडायला जावं तर काहीच नाही.

आजवर असं काही झालं की लोक दुसऱ्या मजल्यावर यायचे. तिथे या घराची पॅटर्नची खोली होती. लहान मुलांच्या कपड्यांचे पॅटर्न काढून कारखान्यांना द्यायचे, हा धंदा. मोठ्या सुनेला कॉम्प्युटरमधलं कळतं, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. "वहिनी, जरा खाली येता का" ऐकलं की ती नाराजीचा चेहरा करून आणि मनातून खूश होऊन खाली जायची. याही वेळी गेली. तिने सांगितलं, फाइली कुठे गेलेल्या नाहीत, कंपनी नवं व्हर्जन काढेल, थोडे दिवस थांबा. सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. पण "थांबा" म्हणणाऱ्या माणसाचे आभार कुणी मानत नाही, आणि त्याच्याभोवती गर्दी तर मुळीच होत नाही.

ढगबाबाही थांबायलाच लावायचा. फक्त तो म्हणायचा, "ढग अजून रागावलेला आहे." आठवडाभर तो असंच म्हणत राहिला आणि मग एके दिवशी म्हणाला, निवळला.

त्याचं प्रवचन मोठं रसाळ असे. कॉम्प्युटरला नवं शरीर मिळालंय, आत्मा मात्र जुनाच. शरीर आत्म्याला ओळखत नाही. वर गेलेलं वरच राहतं, खाली आणायला शुद्ध हात लागतो. मग सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे, कारण स्क्रीनवर नजर पडली तर आत्मा बुजतो. पाच-दहा मिनिटं माउसचा टकटकाट, अधूनमधून एखादा हुंकार. डोळे उघडावे तर राखाडी नावं उजळलेली, फाइली उघडताहेत. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या वेळाने त्याच मालकाच्या लक्षात आलं, की अपडेटनंतर नोंदवलेले नवे विद्यार्थी कुठेच दिसत नाहीत. ढगबाबाने डोळे अर्धवट मिटले आणि समजावलं, की ढग एवढं सगळं परत देतो, तेव्हा ताजं ताजं थोडं स्वतःकडे ठेवतो. तो ढगाचा वाटा. मालकाला ते पटलं. इतकं मिळालं, त्यात थोडं गेलं तर गेलं. बाबा पैसे घेत नव्हते. फक्त कॉम्प्युटरांच्या देखभालीचं वर्षाचं काम त्यांच्या भाच्याला द्यावं, एवढीच इच्छा. ती मालकाने तिथल्या तिथे पुरी केली.

त्या दिवसापासून थोरलीला खाली कुणी बोलावलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरबाई, ज्या वर्षानुवर्षं प्रिंटर अडकला तरी तिला हाक मारत, त्यांनी जिन्यात गाठून तिलाच विचारलं, "बाबांचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

नंबर नव्हता. असता तरी दिला नसता.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाबा आले, तेव्हा थोरली मुद्दाम गेली. सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली, डोळे मिटले. तिनेही तोंड भिंतीकडे केलं, पण जळणाऱ्या माणसाचे डोळे मिटत नाहीत. समोर औजारांचं काचेचं कपाट होतं आणि काचेत बाबांच्या खांद्यावरून स्क्रीन दिसत होता. बाबांनी आधी कंपनीच्या साइटवरून नवं व्हर्जन उतरवलं. जुनं काढलं. मग फोल्डर उचलला आणि अख्खा पुसला. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग नवं व्हर्जन चालू करून बाईंनी दिलेला पासवर्ड टाकला आणि हुंकार दिला. क्लाउडवरून जुन्या फाइलींची नावं एकामागून एक उतरू लागली.

डॉक्टरबाईंनी अपडेटनंतर काढलेले दातांचे एक्स-रे ढगाने ठेवून घेतले. बाईंनी पेशंटांना पुन्हा बोलावलं. पेशंट चिडले, ते वेगळं.

थोरलीने घरी स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. आधी मोबाइलवरून क्लाउडचं खातं उघडलं: जुनं सगळं तिथे धडधडीत होतं, कुठेही गेलेलं नव्हतं. अपडेटनंतर केलेलं काम मात्र तिथे नव्हतं, कारण ने-आण बंद असताना ते वर जाणार कसं. ते फक्त लॅपटॉपमध्ये होतं. तिने काहीच पुसलं नाही, नुसतं नवं व्हर्जन घातलं. जुनं खाली आलं, नवं वर गेलं, ढगाने काही ठेवून घेतलं नाही. म्हणजे बाबांचा रोगी आपोआप बरा होणारा होता, आणि जे मेलं ते औषधाने.

हे तिने कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. कारण पुढचा नंबर त्यांच्याच खोलीचा होता, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर अपडेटनंतरचं म्हणावं असं एकच काम होतं: धाकटीचं. हिवाळी कपड्यांचा पूर्ण संच, दुकानांच्या एका मोठ्या साखळीने मागवलेला. शुक्रवारी पाठवायचा, आवडला तर वर्षभराचं काम, नाही तर दुसरीकडे. धाकटी त्यावर अपडेट झाल्यापासून मान मोडून बसली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की आमच्या धाकटीने घराचं नाव काढलं. घराचं नाव त्याआधी बरीच वर्षं थोरली काढत होती, पण ते कुणी असं जिन्यात उभं राहून सांगितलं नव्हतं.

आता पंचाईत पाहा. बाबाला उघडं पाडावं तर धाकटीचं काम वाचतं. धाकटीचं काम जाऊ द्यावं तर बाबा देव ठरतो. थोरलीला दोघांचंही भलं बघवत नव्हतं, आणि एकाचं वाईट करायचं तर दुसऱ्याचं भलं होत होतं.

गुरुवारी सकाळी बाबा आले. खोलीत कापडाचे गठ्ठे भिंतीला सारून माणसं उभी राहिली. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक सगळ्यांना पुढे-मागे सरकवत होता, जणू लग्नघरचा माणूस. डॉक्टरबाई पुढच्या रांगेत. सासूबाईंनी खुर्ची पुसून दिली. त्या गडबडीत थोरली कॉम्प्युटरपाशी गेली, पेनड्राइव्ह लावला, धाकटीचा फोल्डर त्यावर उतरवला आणि पेनड्राइव्ह मुठीत घेऊन मागे येऊन उभी राहिली. काम वाचवायला उतरवला, की जावेची मान आपल्या मुठीत राहावी म्हणून? तिला विचारलं असतं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मग भिंती, मिटलेले डोळे, टकटकाट, हुंकार. डोळे उघडले. जुने सगळे पॅटर्न उजळले होते. सासूबाईंनी हात जोडले. धाकटी पुढे धावली, फोल्डर शोधला, पुन्हा शोधला, आणि खुर्चीतच बसली.

"माझा हिवाळ्याचा संच नाही यात," ती म्हणाली. "उद्या पाठवायचाय हो तो."

बाबांनी वाट्याची गोष्ट सांगितली. धाकटी रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर ओढणी धरून. मालक म्हणाला, ताई, माझंही गेलं, मनाला लावून घेऊ नका. कुणी म्हणालं, जेवढा मोठा वाटा तेवढी मोठी कृपा. थोरली पाहत होती. खोटं कशाला बोला, पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. दुसऱ्या क्षणीही वाटलं. मूठ घट्ट होती. काही न बोलता नुसतं घरी जायचं होतं.

पण सासूबाईंनी प्रश्न केला, की तळमजल्यावर थोडं गेलं, मग आमचंच एवढं का? बाबांना उत्तर शोधावं लागलं, आणि असल्या माणसांची नजर मात्र पक्की असते. खोलीभर फिरून ती थोरलीवर थांबली.

"या घरात जळणारी एक नजर आहे, आई," ते हळूच म्हणाले. "एकीचं चांगलं दुसरीला बघवत नाही. म्हणून ढगाने जास्त घेतलं."

खोली वळली. सासूबाई वळल्या. धाकटीने ओढणी बाजूला केली आणि तीही वळली. कुणी काही विचारलं नाही, कारण बाबांनी सांगितलेलं सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

थोरलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती पुढे आली.

"खरंय त्यांचं," ती म्हणाली. "मी जळते हिच्यावर. ही आल्यापासून जळते. पण आई, जळल्याने फाइल पुसली जात नाही. पुसायला बटण दाबावं लागतं, आणि ते यांनी दाबलं."

बाबा हसले. म्हणाले, श्रद्धा नसेल तिथे आपण थांबत नाही. आणि थैली उचलली.

"थांबा ना," थोरली म्हणाली. "आठवडाभर सगळ्यांना थांबवलंत, मी पाच मिनिटं थांबवते."

तिने आपला लॅपटॉप टेबलावर ठेवला. लागलाच तर म्हणून तो तिने बरोबर आणला होता आणि त्यावर जुनं व्हर्जन परत घालून ठेवलं होतं. नावं राखाडीच होती. तिने कुणाला डोळे मिटायला सांगितलं नाही. उलट मालकाला म्हणाली, दादा, तुम्हीच माउस धरा, मी हातही लावत नाही. मालकाने तिने सांगितलं तिथे दाबलं. नवं व्हर्जन बसलं, नावं उजळली, फाइली उघडल्या. अपडेटनंतरचीही एक होती, ती जागच्या जागी राहिली. मालकाने आपल्या शुद्ध हाताकडे जरा वेळ पाहिलं.

मग डॉक्टरबाईंना तिने काचेत पाहिलेलं सांगितलं: फोल्डर, टोपली, क्रमाने. डॉक्टरबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "म्हणजे माझे एक्स-रे तुझ्यासमोर पुसले गेले, आणि तू..." थोरलीने मूठ उघडली आणि पेनड्राइव्ह धाकटीपुढे ठेवला.

"संच यात आहे. पूर्ण आहे, बघून घे."

धाकटीने पाहिला. पूर्ण होता. ती "वहिनी" एवढंच म्हणाली. तोवर बाबा जिना उतरून गेले होते.

यात समजून घ्यायला अवघड काहीच नाही. सिस्टीम बदलली की जुनं सॉफ्टवेअर अडतं, नवं आलं की चालतं. त्यात राग नाही, आत्मा नाही, वाटा नाही. आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यावर हात ठेवून श्रेय घेणं हा जगातला सगळ्यात सोपा धंदा आहे. तेव्हा अपडेट करण्याआधी कामाची एक प्रत वेगळी ठेवा, आणि जो कुणी डोळे मिटायला सांगेल, त्याच्यासमोर ते उघडे ठेवा. बुद्धीने उघडे राहिले तर उत्तमच. मत्सराने राहिले तरी चालतील, दिसतं दोन्हींतून सारखंच.

राहता राहिलं, कुणाच्या पदरात काय पडलं. ढगबाबाच्या पदरात या इमारतीपुरतं काहीच नाही. पलीकडच्या रस्त्यावर तो परवापासून बसू लागलाय. भाच्याचं काम गेलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला नवे विद्यार्थी एकेक आठवून पुन्हा लिहावे लागले, आणि डॉक्टरबाईंना पेशंटांच्या शिव्या खाव्या लागल्या. धाकटीचा संच पसंत पडला, वर्षभराचं काम आलं. तिला थोडं रडावं लागलं, तेवढंच. बाकीची सगळी किंमत थोरलीने मोजली. खालून हाका पुन्हा सुरू झाल्या, पण डॉक्टरबाई आता हाक मारत नाहीत, कागद अडकला तर स्वतःच ओढून काढतात. आणि धाकटी तिला आता आदराने, जरा जास्तच आदराने वागवते. नव्या फोल्डरला तिने पासवर्ड लावला. तो सासूबाईंना सांगितला, नवऱ्याला सांगितला, थोरलीला नाही.