अंबाड्याखालचं भोक

भट्टीचं दार उघडलं आणि ताई मटकन खाली बसली. आत सात फूट उंच, एका बाईचं डोकं उभं असायला हवं होतं. होता तो ढिगारा. त्यात अर्धं नाक ओळखू आलं, एक कान ओळखू आला. मी नुसती आ वासून उभी राहिले.

आठ महिने ताईने मातीच्या वळ्या एकावर एक लावून ते उभं केलं होतं. तिचा उजवा खांदा झिजलाय. यानंतर मोठं काम घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हे शेवटचं. मी धाकटी, माझ्याकडे शेवटचा हात: घासून गुळगुळीत करायचं, बोटांचे ठसे पुसायचे. कुठे ओरखडा राहिला तर मला घास गोड लागत नाही. घरी भिंतीतली खिळ्यांची भोकंसुद्धा मी टूथपेस्टने बुजवते.

आदल्या दुपारी आतून दणका ऐकू आला तेव्हाच काकांनी आच बंद केली होती. काका म्हणजे आमचे भट्टीवाले, तीस वर्षं हेच काम करणारे. ते आता दाराशी वही धरून उभे होते.

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"घाई केलीत ना?" मी म्हणाले. "भराभर तापवलीत, दुसरं काय."

"नाही हो, धाकट्या बाई. दर तासाची आच लिहिलीय. बघा तरी."

"वहीत काय, काहीही लिहिता येतं. नाचता येईना, अंगण वाकडं."

काकांनी वही कट्ट्यावर ठेवली, तिच्यावर भट्टीची किल्ली ठेवली आणि निघून गेले. ताईने त्यांना थांबवलं नाही. मला वाटलं, तिलाही पटलंय.

माती अजून पक्की भाजली नव्हती. असे तुकडे पाण्यात टाकले की विरघळून पुन्हा चिखल होतो, निदान तेवढा तरी वाचेल म्हणून मी टब भरला. पाच-सहा तुकडे टाकले. पुढचा हातात आला तो अंबाड्याखालचा.

पोकळ कामाला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं. आतली वाफ बाहेर गेली नाही तर सगळं फुटतं. आमच्याकडे झाडणाऱ्या मावशींनाही हे ठाऊक आहे. ताईने ते अंबाड्याखाली ठेवलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. आतल्या बाजूने ते नीट दिसत होतं. बाहेरून मात्र कुणीतरी मातीची गोळी दाबून बंद केलेलं. अंबाड्याखाली घासणी पोचत नाही, म्हणून अंगठ्याचा ठसा तसाच राहिला होता आणि त्यात एक तिरकी रेघ होती. सातव्या वर्षी डब्याच्या पत्र्याने माझा अंगठा कापला होता. मी अंगठा ठशावर ठेवला. माती सुकताना आकसते, ठसा जरा लहान झाला होता. रेघ तीच.

हे मी कधी केलं, काही केल्या आठवेना.

समोर टब होता. दोन मिनिटं पाण्यात, की ठसा गेला. खोटं कशाला सांगू, माझा हात पाण्यापर्यंत गेला होता. मग तुकडा नेऊन ताईपुढे धरला. तिने तो पाहिला, माझा अंगठा पाहिला.

"आधी काकांकडे जा," ती म्हणाली.

काका त्यांच्या घरच्या अंगणात सायकलची चेन बसवत होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, तुकडा उलटसुलट केला.

"माझी चूक, काका. मी बुजवलं."

"भट्टीच्या गाड्यावर चढवताना मी अंबाड्याखालून हात फिरवला होता," ते म्हणाले. "भोक लागलं नाही हाताला."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंडावर आलं होतं. पण समोर तुम्ही उभ्या होतात. मागच्या खेपेला भोकाचं विचारलं, तर म्हणालात, भट्टीवाल्याने भट्टीपुरतं बघावं."

हे मात्र मला शब्दन् शब्द आठवत होतं.