प्रभुभोजनाची भाकर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगलीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असे आणि त्याची भाकर सुगंधाबाई मधाळ्यांच्या घरून जाई. म्हणायची भाकर, पण असायची गव्हाची. बिनखमिराची, जाडसर, मंद आचेवर भाजलेली, आणि गार झाल्यावर सुरीनं बोराएवढे तुकडे केलेली. हे काम त्यांच्याकडे सासूबाईंकडून, राहेलबाईंकडून, आलं होतं. दोघी सुना सासूबाईंना आत्ती म्हणत.

त्या शनिवारी मात्र कणीक जमेना. आधी सैल झाली, मग पीठ घातलं तर चामड्यासारखी घट्ट. खोट कणकेत नव्हती, हे सुगंधाबाईंना ठाऊक होतं. प्रभुभोजनाचा द्राक्षरस करणाऱ्या चंद्राबाई लेकाकडे कायमच्या पुण्याला गेल्या होत्या आणि पाळकसाहेबांनी ते काम प्रमिलाकडे दिलं होतं. प्रमिला म्हणजे सुगंधाबाईंची धाकटी जाऊ. दीर वीजमंडळात होता. त्याची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली आणि दिवाळीच्या सुमाराला ते बिऱ्हाड इथं आलं. पाळकसाहेब नवे. या दोघी जावा एकमेकींना सलामही करत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? उपासना सुटली की दारात सगळी मंडळी एकमेकांना सलाम करते. आठवडाभर नळावर भांडलेल्या बायकाही तेवढं उरकून घेतात. या दोघींतली एक मात्र त्या वेळी चप्पल शोधत बसे आणि दुसरी मागच्या दारानं जाई.

आता हिची भाकर आणि तिचा रस एकाच मेजावर यायचा होता. बुधवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेब म्हणाले होते, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी तिकडं जावं, मग मेजाजवळ यावं. सुगंधाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. प्रमिला साताऱ्यात होती तोवर बरं होतं. वाकडं होतं, पण ते दूर दुसऱ्या गावी होतं, आणि त्या दर महिन्याला निर्धास्तपणे भाकरीचा तुकडा तोंडात घालत होत्या.

भांडण एका कापडावरून झालेलं. मेजावर अंथरायला म्हणून सुगंधाबाईंनी पांढऱ्या कापडाला चहूबाजूंनी क्रोशाची लेस विणायला घेतली होती. दुपारची भांडी झाली की उंबऱ्यात बसून विणायच्या. द्राक्षाचे घोस, मध्ये पान, पुन्हा घोस. तीन कोपरे झाले. क्रोशा त्यांना आत्तींनीच शिकवला होता, आणि आत्ती तेव्हा साताऱ्याला धाकट्याकडे होत्या. त्यांनी निरोप धाडला, शेवटचा कोपरा मी विणते. सुगंधाबाईंनी कापड पाठवून दिलं. पुढं आत्तींची नजर गेली, अंथरूण धरलं आणि त्या वारल्या. सुगंधाबाई साताऱ्याला पोचल्या तर पेटीत आत्तींच्या अंगावर तेच कापड. प्रभूच्या मेजाचं कापड मातीत चाललं होतं. पेटीचं झाकण लागलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. पण कबरेशी सगळे मूठ मूठ माती टाकत होते, प्रमिला माती उचलायला वाकली, आणि सुगंधाबाईंच्या तोंडून गेलं, "आणखी कशाला उचलतीस? खाल्लीस तेवढी माती पुरे न्हाई का?"

रागात एक शब्द गेला, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. कापडाचं नुकसान मात्र त्यांना रोज दिसे. मेजावर अजून बाजारातलं नायलॉनचं कापड होतं.

दाराची कडी वाजली. सुगंधाबाईंचे यजमान शमुवेलराव ओसरीवर पेपर वाचत होते. मिरजेला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला, गमत्या स्वभावाचा माणूस.

"ये ये, प्रमिला. वाट चुकलीस की काय?"

"भावजी, जरा काम होतं." प्रमिलाच्या हातात पातेलं होतं, वर ताटली. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. "अक्कांना विचारा, मनुका ज्या पाण्यात भिजवल्या त्याच पाण्यात उकळायच्या की दुसऱ्या?"

शमुवेलरावांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं.

"त्याच पाण्यात म्हणावं," सुगंधाबाई कणकेकडे बघत म्हणाल्या. "पाणी टाकलं तर गोडी जाती."

"त्याच पाण्यात," शमुवेलराव म्हणाले.

"ऐकलं मी. आणि गाळायला कसलं फडकं घेत होत्या चंद्राबाई, ते विचारा."

"मलमलीचं. माझ्याकडं हाय म्हणावं."

"हाय म्हणती." शमुवेलरावांनी पेपराची घडी घातली. "जन्मभर जंक्शनात काढला मी, पण गाडीला एवढे सांधे बदलताना पाहिलं न्हाई. तुमी दोघी बोला, न्हाईतर मनुकांची दारू व्हईल. मी दूध घेऊन येतो." आणि खरंच चपला घालून ते निघून गेले.

घरात दोघीच उरल्या. बोलायला मध्ये कोणी नव्हतं. सुगंधाबाईंनी दुसरा स्टोव्ह पेटवला आणि बाजूला सरकल्या. प्रमिलानं पातेलं वर ठेवलं. तासगावच्या काळ्या मनुका भिजून टपोऱ्या झाल्या होत्या. लग्न होऊन आली त्या वर्षी हीच प्रमिला, बायबलात भाकर लिहिलंय म्हणून, प्रभुभोजनाला ज्वारीची भाकरी थापून घेऊन गेली होती. आत्ती पोट धरून हसल्या, आणि त्या रविवारी मंडळीनं ज्वारीचीच घेतली. सुगंधाबाईंना ते आठवलं. पण आत्ता हसू आलं असतं तरी त्यांनी दाबलं असतं.

"ते कापड," प्रमिला एकदम म्हणाली. चमच्यानं ती मनुका ढवळत होती. "मी घातलं न्हाई आत्तींच्या अंगावर."

"मग कुणी?"

"शेवटी त्यांना दिसत नव्हतं. दिवसभर ती लेस चाचपत पडायच्या. हा घोस सुगंधाचा चांगला जमलाय, हा सैल पडलाय, असं बोटांनी सांगायच्या. काढून ठेवते म्हटलं की लहान पोरासारख्या रडायच्या. गेल्या तेव्हा बोटं लेशीत अडकलेली. आखडून गेली. सोडवायला बघितली, सुटंनात. बायका म्हणाल्या, लेस काप. कात्री आणली मी." ती थांबली. "मोठ्या माणसाच्या हाताशी कात्री न्यायचं माझ्यानं झालं न्हाई. तुमची लेसही कापवंना. तसंच राहू दे म्हटलं."

सुगंधाबाईंच्या हातातला गोळा परातीत पडला.

"मला का सांगितलं न्हाईस तवा?"

"तुमी विचारलं कुठं? माती खाल्लीस म्हणाला. सगळ्या भावकीसमोर." प्रमिलाचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "माझी मूठ तशीच राहिली, अक्का. माती टाकता आली न्हाई मला. मूठ झाकून घरी आले आणि मोरीत हात धुतला. वर्षभर मी त्यांचं हगणंमुतणं काढलं. आणि माती सगळ्यांनी दिली, मी न्हाई."

पातेलं फसफसून वर आलं. "जाळ कमी कर," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांना वेगळंच म्हणायचं होतं. प्रमिलानं जाळ कमी केला. गाळायची वेळ झाली तेव्हा सुगंधाबाईंनी मलमल दुपदरी करून दोन्ही टोकं धरली, प्रमिलानं वरून ओतलं. काळसर तांबडा रस खाली गळत राहिला. वाफेनं दोघींचे चेहरे ओले झाले.

"मी तसं बोलायला नको होतं," सुगंधाबाई म्हणाल्या.

"नको होतं."

"माझ्या मनात फक्त ते कापड होतं गं."

"ठाऊक हाय मला." प्रमिलानं फडक्यातला चोथा पिळला. "रोज प्रार्थनेत म्हणते, अक्कांना क्षमा केली. आणि आमेन म्हणायच्या आत तुमचं वाक्य कानात येतं. माझ्या हातात न्हाई ते. खोटं कशाला बोलू?"

रस घेऊन ती गेली. शमुवेलराव दूध घेऊन आले, आणि बायकोचं तोंड पाहून ते आत ठेवून पुन्हा पेपर घेऊन बसले. सुगंधाबाईंनी कणीक पुन्हा मळली, भाकर भाजली. एका बाजूनं करपली. ती त्यांनी तशीच ठेवून दिली, दुसरी करायचं बळ नव्हतं.

रविवारी मेजावर नायलॉनच्या कापडावर भाकरीची थाळी आणि रसाचा तांब्या शेजारी शेजारी होते. सुगंधाबाई ते बघत बसल्या. ती आली होती, आपण बोललोही होतो. पण तिकडून क्षमा आली नाही, आणि ती मागायचा हक्क आपल्याला नाही. इतके दिवस हिशेब उलटा मांडून आपण जेवत होतो. आज तोंडात तुकडा घातला तर घशाखाली कसा उतरेल? थाळी बायकांच्या बाजूला आली, हातोहात सरकत त्यांच्यापर्यंत आली. स्वतःच भाजलेल्या त्या तुकड्यांकडे पाहून त्यांनी ती पुढं दिली. मागून छोटे काचेचे पेले आले, तेही पुढं दिले. शेजारची शालूबाई वळून बघत राहिली. ओठ न हलवता सुगंधाबाईंनी प्रार्थना करून पाहिली, पण आत्तींची आखडलेली बोटंच दिसत राहिली.

उपासना सुटल्यावर पेले धुवायचं काम भाकर-रसवाल्यांचंच. मागच्या नळावर प्रमिला धूत होती. सुगंधाबाई पुसायला फडकं घेऊन बसल्या.

"भाकर कडक झाली म्हणत होती शालूबाई," प्रमिला म्हणाली.

"करपली जरा. तुला कशी लागली?"

"मी घेतली न्हाई."

सुगंधाबाईंचा हात थांबला. "का?"

"सांगितलं की काल. मनात एक आणि तोंडात एक, मला जमत न्हाई." तिनं पेला विसळला. "तुमी पण घेतली न्हाई. बघितलं मी."

दारात मंडळीचे सलाम चालले होते, कोणी मोठ्यानं हसत होतं. भाकर जिनं भाजली आणि रस जिनं केला, त्या दोघी सोडून सगळे जेवले होते.

"साताऱ्याला जाऊ या का?" सुगंधाबाईंनी विचारलं. "आत्तींकडं. दोघी."

प्रमिलानं नळ बंद केला. मग थेंब गळतोय म्हणून पुन्हा घट्ट केला.

"मी एकटी जाणार," ती म्हणाली. "तुमी न्हाई. तुमी संगट असला की माझी मूठ पुन्हा उघडायची न्हाई."

"बरं."

"राग मानू नका."

"न्हाई."

"येत्या शनिवारी जाईन म्हणते. परत आले की येईन तुमच्याकडं. मग बघू." तिनं नळ पुन्हा सोडला आणि सुगंधाबाईंनी फडकं झटकून घेतलं. अजून निम्मे पेले धुवायचे राहिले होते.