दुसरी चेन

पारसने काउंटरवर अंगाला पाणी लागू न देणारा तिसरा ड्रायसूट पसरला आणि मानेचं रबर ताणून दाखवलं. फुलचंदशेठच्या ताडपत्री-रेनकोटच्या दुकानात, धुळ्यासारख्या गावात, असलं काही मिळेल असं चुडामणला वाटलं नव्हतं. पण त्याच्या लेकीच्या, मोनालीच्या, कायाक होड्या वल्हवणाऱ्या क्लबच्या मुली हिमालयातल्या बर्फाळ नदीवर शिबिराला निघाल्या आणि शेठच्या या हुशार मुलाने लगेच माल मागवला.

"हा जाड आहे तो पाणबुड्यांचा. हा शिडाच्या होडीवाल्यांचा, गुडघ्याला मजबूत. कायाकला हा हलकाच घ्या काका, हात मोकळे फिरतात. दिवसभर आत थेंब येणार नाही."

"आन् ही दुसरी चेन कायले?" चुडामणने कमरेखाली बोट ठेवलं.

एरवी तोंडाला खळ नसलेला पारस छताकडे पाहू लागला.

"ती... लेडीजसाठी असते. बिनचेनचाही आहे."

"बिनचेनचाच द्या," मोनाली घाईने म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. चुडामणला कळलं, पण कळलं नाही असंच त्याने दाखवलं.

स्टँडवर रावेरची गाडी लागली तेव्हा त्याने लेकीपुढे पाण्याची बाटली धरली.

"नको आबा. गाडीत बसायचंय."

चुडामणचा हात तसाच राहिला. कुंदाबाईही हेच म्हणायची. लग्नाला निघताना, कापूस वेचायला जाताना. बायकोचं ते पाणी न पिणं त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. पुढे मुतखड्याने ती तळमळली, डॉक्टरांनी कारण विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आज पोरीच्या वेळीही आपण मूग गिळून बसलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"चाल मांगे," तो म्हणाला.

दुकानात आता गर्दी होती. चुडामणने पिशवी काउंटरवर ठेवली आणि घसा खाकरला.

"हा बदलून द्या. पोरीले मुतता येईन असा द्या."

ताडपत्री मोजणारी माणसं थांबली. धरणीने पोटात घ्यावं असं मोनालीला झालं, पण ती बापाच्या शेजारून हलली नाही.

पारसने दुसऱ्या चेनचा सूट काढून पिशवीत भरला. पिशवी मात्र त्याच्या हातातून सुटेना.

"काका, क्लबच्या बाकीच्या मुली सकाळीच येऊन गेल्या. सगळ्यांनी बिनचेनचे नेले." त्याची मान खाली गेली. "कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

मोनालीने मोबाइल काढला आणि पहिल्यांदाच पारसकडे सरळ पाहिलं.

"त्यांना फोन मी लावते," ती म्हणाली. "सांगायचं मात्र तुम्ही."