डंकावरचं नाक

"गेल्या पाच वर्षांत काही आजार?" निशिगंधानं विचारलं आणि पेन फॉर्मवर टेकवलं.

"त्यास्नी?" उत्तर शालूबाईंनी दिलं. "काय बी न्हाय. साधी शिंकसुदिक न्हाय. लिवा, निरंक."

शालूबाईंनी सरकारी कचेरीत शिपाई म्हणून तीस वर्षं काढली होती. पेन्शनबरोबर असे दोन-चार शब्द त्यांना कायमचे मिळाले होते, आणि ते त्या भाजीवाल्यापासून देवापर्यंत सगळीकडे वापरत.

ज्यांचा फॉर्म भरला जात होता ते ख्वाजाभाई समोर स्टुलावर बसून मिरचीचे देठ खुडत होते. त्यांनी शालूबाईंकडे पाहिलं, मग कढईजवळ उभ्या असलेल्या बायकोकडे, लालबीकडे पाहिलं. लालबीनं कढईकडे पाहिलं.

"लिहू का मग, निरंक?" निशिगंधानं विचारलं.

"बघू की," ख्वाजाभाई म्हणाले. "दुसरा प्रश्न घ्या."

शाहूपुरीच्या एका बोळात त्यांचा चटणीचा डंक आहे. लोखंडी मुसळं पट्ट्यावर वर जातात आणि धाडकन उखळात पडतात. मार्च ते मे या काळात त्या बोळातून जाणारा माणूस आधी शिंकतो आणि मग बोलतो. बायका वर्षाची कांदा-लसूण चटणी करायला मिरची, लसूण, खोबरं, तीळ, धणे असं सगळं पिशव्यांतून घेऊन येतात. कुटायला मशीन आहे. खरं काम भाजण्याचं. मोठ्या कढईत एकेक जिन्नस पडतो, बाई उलथनं फिरवते आणि एका क्षणी ख्वाजाभाई म्हणतात, "बास." अर्धा मिनिट आधी म्हटलं तर चटणी कच्ची, अर्धा मिनिट उशिरा म्हटलं तर कडू. हे 'बास' ते चाळीस वर्षं म्हणत आले होते आणि त्यावर कुणी अपील केलं नव्हतं.

निशिगंधा विद्यापीठात अन्नशास्त्रात पीएच.डी. करत होती. मूळची गगनबावड्याची. तिकडे पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते, त्यामुळे पदार्थ का बिघडतात हा प्रश्न तिला लहानपणापासून घरातच मिळाला होता. विषय होता चटणीतली अँटिऑक्सिडंट्स. गेल्या वर्षी तिनं शहरातल्या बारा डंकांवरून मूठमूठ चटणी नेली, नळ्यांत घालून तपासली, आणि ख्वाजाभाईंच्या डंकावरची पहिली आली. हे तिनं फक्त त्यांना सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत बोळाला कळलं आणि आठवड्याभरात त्याचा अर्थ असा झाला की ख्वाजाभाईंची चटणी खाल्ली की डेंगी, मलेरिया आणि गुडघेदुखी होत नाही. पुरावा म्हणून बोळानं खुद्द ख्वाजाभाईंनाच पुढे केलं. साठी ओलांडलेला माणूस, रोज सकाळी आठला हजर, कधी आजारी नाही.

यात एकच अडचण होती. ख्वाजाभाई आजारी पडले होते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते सतरा दिवस दवाखान्यात होते. त्या वेळी बोळात प्रत्येक घर आपापल्या कडीच्या आत होतं. कोण कुठं आहे हे कुणी विचारत नव्हतं. नंतर कुणीतरी विचारलं तेव्हा लालबी "गावाकडं गेलते" म्हणाली आणि विषय संपला. ख्वाजाभाई घरी आले, वजन भरून आलं, दम लागायचा थांबला. वास मात्र परत आला नाही. पहिल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, येईल. वर्षानं म्हणाले, येईलही. त्यानंतर ख्वाजाभाईंनी विचारणं सोडलं.

पण चटणीचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. लालबीनं मार्ग काढला. ती भाजणाऱ्या बाईच्या पाठीमागे उभी राहायची आणि वास पोचला की डोक्यावरचा पदर सारखा करायची. ख्वाजाभाई म्हणायचे, "बास." असे चार हंगाम गेले. या चार वर्षांत बायका म्हणू लागल्या की ख्वाजाभाईंचं नाक वयानुसार आणखी तीक्ष्ण होत चाललंय. नवराबायको घरात हिंदी बोलत आणि डंकावर मराठी. भांडण मात्र डंकावरच होई, म्हणून ते मराठीत होई. पण हे कौतुक ऐकल्यावर लालबी कुठल्याच भाषेत काही बोलत नसे.

"दुसरा प्रश्न," निशिगंधा म्हणाली. "चटणी रोज किती खाता?"

"ताटात असंल तेवढी."

"चमच्यात सांगा ना, चाचा."

"चमच्यानं कोण खातंय? बोटानं खातोय."

शालूबाई हसल्या. त्यांना आज बहिणीची चटणी करून घ्यायची होती. स्वतःची त्यांनी बारा दिवसांपूर्वीच कुटून नेली होती. नवी चटणी बरणीत पंधरा दिवस मुरते, तोवर झाकण उघडायचं नाही हा त्यांच्या घरचा नियम. "परवा पुण्याला चाललोय लेकीकडं," त्या निशिगंधाला म्हणाल्या. "आमच्या क्रांतीच्या मालकास्नी डेंगी झालता. अंगात ताकद म्हणून न्हाय. म्हटलं, बरणीच घिऊन जातो. ती तुमची ताकदीची गोष्ट असती न्हवं हिच्यात?"

"असते," निशिगंधा जपून म्हणाली. "नळीत तरी दिसते."

"माणसात?"

"माणसात कठीण असतं, आजी. आपल्या शरीरात काही द्रव्यं अशी तयार होतात की ती बाजूच्या पेशींना ओरबाडत सुटतात. मिरचीचा लाल रंग, कांद्या-लसणातली द्रव्यं, ही मधे पडतात आणि तो ओरबाडा आपल्या अंगावर घेतात. पण पोटात गेल्यावर त्यातलं किती रक्तात पोचतं, किती उपयोगी पडतं, हे अजून नीट कळलेलं नाही. रोज भाजी, फळं, डाळी खाणारे लोक साधारण बरे राहतात, एवढं दिसतं. एकट्या चटणीनं काय होतं ते नाही सांगता येत."

"एवढं शिकून न्हाय सांगता येत व्हय?" शालूबाईंनी खऱ्या काळजीनं विचारलं, आणि निसायचा राहिलेला लसूण आणायला त्या बाहेर रिक्षाकडे गेल्या.

त्या गेल्याबरोबर निशिगंधानं फॉर्म खाली ठेवला.

"चाचा, मी खरं तर फॉर्मसाठी नाही आले. बारा दिवसांपूर्वी मी इथून चौदा नंबरचा नमुना नेला होता. शालूआजींच्या चटणीतला."

"मग?"

"रंग सुरेख आहे. पण ताकद निम्मीसुद्धा नाही. मी तीनदा तपासलं. त्यातलं तेल आधीच बिघडलेलं आहे. खोबरं खवट असणार. खवट होणं म्हणजे हेच, तेलाला हवा लागून ते सडणं. मिरचीतली सगळी द्रव्यं ते सावरण्यातच संपली." तिला मनापासून नवल वाटत होतं. "मला फक्त एवढंच कळेना, की खवट खोबरं कढईत पडल्यावर डंकभर वास सुटतो. तुमच्यासमोर ते पुढे गेलंच कसं?"

ख्वाजाभाईंच्या हातातली मिरची तशीच राहिली.

बारा दिवसांपूर्वी लालबी गडहिंग्लजला होती, लेकीच्या, सुहानाच्या बाळंतपणाला. ख्वाजाभाईंनी आठ दिवस डंक बंद ठेवायचं ठरवलं होतं. पण शालूबाई पाच किलो मिरची घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि शालूबाईंना परत पाठवणं तीस वर्षांत त्यांच्या साहेबांनाही जमलं नव्हतं. ख्वाजाभाईंनी डोळ्यांवर आणि कानांवर काम भागवलं. तीळ तडतडायचे थांबले, बास. धण्याचा रंग फिरला, बास. खोबरं बदामी झालं, बास. खोबरं सुंदर बदामी झालं होतं. खवटपणाला रंग नसतो.

लालबी कढईपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "सांगायचं न्हाय," ती हळू म्हणाली.

"चाचा, मी आजींना सांगते की खोबरं खवट होतं," निशिगंधा म्हणाली. अजून तिच्या लक्षात आलं नव्हतं. "तुमचं नाव यायचं कारणच नाही."

"कसं न्हाय?" ख्वाजाभाई म्हणाले. "तुम्ही इचारलं तेच त्या इचारतील की. ख्वाजाला कसं कळलं न्हाय?" त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली. "बाई, एक सांगा. चाळीस वर्सं मी हितं बसतोय. चटणी खातोय, चटणीच नाकात जातीय. मग माझं नाक का न्हाय वाचलं?"

निशिगंधा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं लालबीकडे पाहिलं, आणि मग तिला कळलं.

"माहीत नाही, चाचा," ती म्हणाली. "कदाचित चटणीमुळे तुम्ही जिवंत राहिलात. कदाचित तिचा काहीच संबंध नाही. एका माणसावरून कळत नाही."

"किती लागतात?"

"हजार तरी."

"हजार माणसांची नाकं घालवायची?" ख्वाजाभाई म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. कळलं न्हाय तरी चालंल."

शालूबाई लसणाची पिशवी घेऊन आत आल्या. "चला, टाका खोबरं. मला साडेबाराची बस धरायची हाय बिद्रीची, भणीकडं."

"शालूबाई, बसा जरा," ख्वाजाभाई म्हणाले.

"बसाय येळ न्हाय वो."

"ती बरणी पुण्याला नेऊ नका. खोबरं खवाट हुतं. आजारी माणसाला तर अजिबात देऊ नका."

"खवाट?" शालूबाईंचा आवाज बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेला. "आणि तुमच्या म्होरं भाजलं की ते! तुम्हीच बास म्हटला!"

"म्हटलो. मला वास येत न्हाय." मिरचीचा भाव सांगावा तसं ख्वाजाभाई सांगत होते. "कोरोनात गेला. सतरा दिस दवाखान्यात हुतो. गावाकडं न्हवतो."

लालबीनं डोळे मिटले. निशिगंधा फॉर्मच्या कडा जुळवू लागली. शालूबाई मात्र लसणाच्या पिशवीवरच बसल्या.

"म्हंजे माझं नाक चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवो, मला वास आलता! कढईत पडल्या पडल्या आलता. दिवाळीचं खोबरं हुतं ते, डब्यात मागं राहिलेलं. मनात आलं, खवाट मारतंय. पण तुम्ही काय बोलला न्हाईसा. म्हटलं, ख्वाजाभाई गप हाईत म्हंजे माझंच नाक बिघाडलं. चार दिस मी वाफारा घेतला!" मग त्या एकदम चिडल्या. "पाच किलो मिरची, ख्वाजाभाई! वरीसभराची चटणी! मी काय सांगू आता पोरीला?"

"भरून देतो. मिरची माझी."

"मिरचीचं कोण बोलतंय? चार वर्सं तुम्ही आमास्नी..." त्या थांबल्या. कचेरीत तीस वर्षं कोणाची सही आणि कोणाचं काम हे बघितलेल्या बाईला हिशोब लागायला वेळ लागला नाही. "मग चार वर्सं चटणी बिघाडली का न्हाई? गेल्या साली तर ह्या बाईंच्या नळीत पैली आली. कुणाच्या नाकावर आली?"

शालूबाईंनी मान वळवून लालबीकडे पाहिलं. लालबीचा हात सवयीनं पदराकडे गेला होता, तो तिनं अर्ध्यावरच थांबवला.

"अगं बया," शालूबाई म्हणाल्या. "आणि मी हजारदा म्हटलं आसंल, ख्वाजाभाईंचं नाक म्हंजे नाक. तुझ्याच म्होरं. तुला राग न्हाय आला?"

"यायचा की," लालबी म्हणाली. "पण भाजताना कुठं राग काढायचा? जळतंय."

निशिगंधानं पेन उघडलं. "चाचा, पहिल्या प्रश्नाचं काय लिहू?"

"जे झालं ते लिवा."

तिनं लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, "आणि चाची, तुमचाही एक फॉर्म भरू?"

"माझा कशाला? मला कुठला आजार हाय?"

"म्हणूनच."

शालूबाई उठल्या आणि बहिणीच्या पिशवीतलं खोबरं काढून त्यांनी एक तुकडा आधी स्वतः हुंगला, मग लालबीच्या हातात दिला. ख्वाजाभाईंच्या समोरून तो तुकडा गेला. गेल्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. शालूबाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या उगीचच म्हणाल्या, "तुम्ही बसा हो, तुमाला काय कुणी उठवत न्हाय." त्यावर ख्वाजाभाई उठले.

आपलं स्टूल त्यांनी कढईजवळ लालबीच्या पायापाशी सरकवलं आणि स्वतः पलीकडे, जिथं कुटलेली चटणी चाळतात तिथं, जमिनीवर मांडी घातली. लालबीनं आधी स्टुलाकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. मग ती बसली. खोबरं कढईत पडलं. उलथनं शालूबाईंच्या हातात होतं आणि त्या शाळेतल्या मुलीसारख्या लालबीच्या तोंडाकडे बघत हलवत होत्या.

ख्वाजाभाईंनी दोन-तीनदा चाळण हलवली. मग थांबून विचारलं, "कसा येतोय?"

"काय?"

"वास."

लालबी गोंधळली. चार वर्षं तिनं वास घेतला होता, कळवला होता. सांगितला कधीच नव्हता. तिनं कढईवर वाकून श्वास आत ओढला आणि शब्द सापडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"आत्ता कोवळा हाय," ती म्हणाली. "बाळाच्या टाळूला तेल लावल्यासारखा. थांबा हं... आता गोड येतोय. आता जरा लाकडागत."

ख्वाजाभाईंनी चाळण खाली ठेवली होती. डोळे मिटून, मान किंचित तिच्या बाजूला कलती करून, ते ऐकत होते.