काळे झालेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे हं! मादबा गावाजवळच्या टेकडीवर खोदकामात निघालेली खापरे धुण्याचा. आज माझे केस विस्कटले आहेत, मूठ चिरली आहे, पण एके काळी माझा काय तोरा होता!

खापरे धुण्याच्या तंबूत उम्म औदेचा, म्हणजे औदेच्या आईचा, शब्द चाले. बारा हंगाम तिने मला कुणाच्या हाती दिले नाही. तिचा नियम एकच. खापर आधी पाण्यात बुडवायचे, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघायचे, मगच घासायचे. जुन्या काळी लोक फुटक्या खापरांवर शाईने चिठ्ठ्या लिहीत. ओल्या खापरावर ती शाई दिसते, आणि घासली की कायमची जाते. हा नियम तिला खोदकामाचे प्रमुख उस्ताद जिर्यिस यांनीच शिकवला होता.

बायबलमधले अझ्मोर हे हरवलेले गाव याच टेकडीखाली आहे, असे उस्ताद आयुष्यभर सांगत आले. लोक हसत. शेवटी टेकडी कापून रस्ता न्यायचे ठरले. पुरावा मिळाला तरच तो थांबणार होता. तो बघायला एके दिवशी दुपारी समिती येणार होती आणि एकच बादली धुवायची उरली होती.

उम्म औदे एकेक खापर बुडवून बघत होती. उस्तादांचा जीव खालीवर होत होता.

"उम्म औदे, उरका की! समिती दारात आली नि तुम्ही न्याहाळत बसलात. सून बघायला आलात का?"

"सून नाही पटली तर दुसरी बघता येते, उस्ताद. घासलेली शाई परत येत नाही."

उस्तादांनी मला तिच्या हातून हिसकावले, चिखलाने माखलेले एक खापर उचलले आणि न बघताच खसाखसा घासू लागले. मला भीती वाटली, पण मी ओरडणार कसा?

"थांबा! पाणी काळं झालंय!" उम्म औदे किंचाळली.

खापरावर शाईची तीन अक्षरे होती. त्यांच्या आधीच्या अक्षराच्या जागी नुसता डाग. त्या जुन्या लिपीत अझ्मोर चार अक्षरांत लिहीत. ती तीन अक्षरे त्यातली शेवटची होती खरी, पण त्यांनीच संपणारे दुसरेही एक गाव बायबलमध्ये होते. कुठले ते पहिले अक्षरच सांगणार होते.

उस्तादांची नजर खापरांवर क्रमांक टाकायच्या शाईच्या दौतीकडे गेली. एक रेघ ओढली की काम फत्ते.

"एवढं म्हातारं खापर खोटं बोललं नाही, उस्ताद," उम्म औदे हळूच म्हणाली. "आता तुम्ही नका बोलू."

समिती आली. उस्ताद ताठ उभे राहिले. "पहिलं अक्षर माझ्या हातानं गेलं. लिहून घ्या."

रस्ता वर्षभर थांबला. गावाचे नाव मात्र समितीने मान्य केले नाही.

मला त्यानंतर कुणी धुतले नाही. मी उस्तादांच्या कपाटात असतो. मित्रांनो, कुठलीही जुनी वस्तू हाती आली तर आधी नीट बघा, घाई करू नका. उस्ताद रोज कपाट उघडून माझ्याकडे बघत बसतात. त्यांच्या गावाचे पहिले अक्षर माझ्या केसांत काळे होऊन बसले आहे, आणि मला वाचता येत नाही.